ओट्यावर उतरलेलं मैदान

देवगाव रंगारी, 1934

निघताना तुम्ही कनवटीला दोन प्रकारचे पैसे बांधून घेतलेत. हाली आणि कलदार. लासूरपर्यंत बैलगाडी आहे, तिथवर हाली चालेल. लासूरला रेल्वे धरून मनमाडला उतरलात की निजामाचा मुलूख संपतो आणि इंग्रजांचा सुरू होतो. तिथे कलदारच लागतो. मुंबई त्याच्याही पुढे आहे, एका रात्रीच्या अंतरावर.

थंडीचे दिवस आहेत. रानात कापसाची वेचणी चालू आहे, ज्वारी कमरेला लागली आहे. गावात वीज नाही, रेडिओ नाही. वर्तमानपत्र आलंच तर शिळं होऊन येतं. बाहेरची बातमी येते ती माणसाच्या तोंडून. बाजार करून आलेला व्यापारी सांगतो, टपालवाला सांगतो, सप्ताहाला आलेले कीर्तनकार बुवा सांगतात. त्यामुळे सांगणाऱ्याची किंमत तुम्हाला कुणी शिकवायला नको. लंका तुम्ही पाहिलेली नाही. पण बुवांनी हनुमंताच्या शेपटीला चिंध्या गुंडाळायला घेतल्या की मंडपातली पोरं पुढे सरकतात, म्हाताऱ्या पदर सावरतात, आणि लंका तुमच्या डोळ्यांदेखत पेटते. हे कसं होतं, याचा तुम्ही कधी विचार केलेला नाही. मुंबईत जो माणूस तुमच्या कानी पडणार आहे, त्याच्याकडे हीच विद्या आहे. फक्त त्याची लंका म्हणजे क्रिकेटचं मैदान आहे.

मुंबई, त्याच वर्षी

बोरीबंदरला उतरून तुम्ही चालतच एस्प्लनेडच्या मैदानावर येता. बॉम्बे जिमखान्याचं हे मैदान. गेल्याच वर्षी, डिसेंबर 1933 मध्ये, हिंदुस्थानच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना इथे झाला आणि लाला अमरनाथ यांनी 118 धावा काढून हिंदुस्थानचं पहिलं कसोटी शतक इथेच झळकावलं. आज चौरंगी स्पर्धा आहे. युरोपियन, हिंदू, पारशी आणि मुसलमान असे चार संघ. कायदेभंगाच्या चळवळीमुळे 1930 पासून स्पर्धा बंद होती, ती यंदा पुन्हा भरली आहे. आजचा सामना पारशी आणि मुसलमान संघांचा.

तुम्ही गर्दीच्या मागच्या रांगेत आहात. पुढे टोप्या, फेटे, छत्र्या आणि माणसांचे खांदे. टाचा उंचावल्या की पांढऱ्या कपड्यांतली एखादी आकृती पळताना दिसते. कुठे पळते, का पळते, कळत नाही. मध्येच मोठा गलका होतो. शेजाऱ्याला विचारावं, तर तोही टाचा उंचावून उभा. शंभर कोसांवरून येऊनही तुमच्या वाट्याला मैदान आलेलं नाही.

मग कुणीतरी सांगतं, की जवळच्या दुकानात रेडिओ लावलाय. तुम्ही मैदानाकडे पाठ फिरवून तिकडे जाता. दुकानासमोर घोळका उभा आहे, आणि आश्चर्य म्हणजे कुणी बोलत नाही. लाकडी पेटीतून एक पुरुषी, भरदार आवाज येतोय. इंग्रजी आहे. तुम्हाला चार शब्द कळतात, चाळीस निसटतात. पण बाजूचा एक कारकून हलक्या आवाजात मराठीत सांगू लागतो आणि तुमच्यासमोर मैदान उघडतं. गोलंदाज किती पावलांवरून धावत येतोय, फलंदाजाने डावा पाय पुढे टाकलाय, चेंडू कुंपणाकडे निघालाय, मागून दोघं धावतायत. टाचा न उंचावता तुम्हाला सगळं दिसतंय.

हा आवाज बॉबी तल्यारखान यांचा. पूर्ण नाव अर्देशिर फुरदोरजी सोहराबजी तल्यारखान. जन्म 1897, मुंबईचे पारशी गृहस्थ. हिंदुस्थानात क्रिकेटचं धावतं वर्णन रेडिओवरून होण्याची सुरुवात या सामन्यापासून झाली असं मानतात, आणि ती त्यांच्या आवाजाने झाली. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावसुद्धा अजून जन्माला यायचंय, ते 1936 च्या जूनमध्ये येईल. आज या खात्याला ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ म्हणतात.

तुम्ही तास मोजता. सकाळ सरते. जेवणाची सुट्टी होते, आवाज थांबतो. सुट्टी संपते, तोच आवाज पुन्हा सुरू. चहाची वेळ होते, थांबतो. पुन्हा तोच. दुसरा कुणी माइकसमोर येत नाही. दिवसभराचा खेळ एकच माणूस सांगतो. षटक संपलं की गप्प बसून राहण्याची त्यांची रीत नाही. क्षेत्ररक्षक जागा बदलतायत, गर्दीत कोण आलंय, ऊन कुठवर सरकलंय, सगळं त्या आवाजात येतं. सभामंडपात बुवा अभंगाच्या दोन चरणांमधली जागा जशी टाळ-मृदंगाने भरून काढतात, तशी ही जागा ते बोलण्याने भरतात. ऐकणाऱ्याला एक क्षणही अंधारात उभं ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम.

काम कसं चाललंय तेही समजून घ्या. माइकसमोर उच्चारलेला शब्द तारेवरून स्टुडिओत जातो, तिथून प्रक्षेपण यंत्राकडे, आणि मग हवेत. पुन्हा पाहायची सोय कसलीच नाही. झेल सुटला की सुटला. नक्की काय झालं ते एकदाच, एका नजरेत, बोलता बोलता टिपायचं. चूक झाली तर ती हजारो कानांत एकदम गेलेली असते. अशा वेळी माणसाला धीर कशाचा? स्वतःच्या डोळ्यांचा आणि जिभेचा.

तेरा वर्षं मागे, पिट्सबर्ग

इथून एक लांब उडी घ्या. 5 ऑगस्ट 1921. अमेरिकेतलं पिट्सबर्ग शहर, फोर्ब्ज फील्ड हे मैदान. खेळ क्रिकेटचा नाही, बेसबॉलचा. फलंदाज उभा राहतो त्या जागेमागच्या आसनांत हॅरॉल्ड आर्लिन नावाचा पंचविशीतला तरुण बसलाय. वेस्टिंगहाऊस कंपनीत नोकरीला आहे. हातात टेलिफोनच्या रिसीव्हरपासून बनवलेला माइक. केडीकेए नावाचं रेडिओ स्टेशन सुरू होऊन वर्षही झालेलं नाही. बेसबॉलचा सामना रेडिओवरून सांगण्याचा हा पहिला दिवस. त्याला कुणी शिकवलेलं नाही, कारण शिकवणारा अजून कुणी नाहीच. पिट्सबर्ग पायरेट्स फिलाडेल्फियाला 8-5 असं हरवतात आणि तो ते सांगतो.

याच आर्लिनची एक आठवण सांगतात. बेसबॉलचा सर्वांत मोठा खेळाडू बेब रूथ रेडिओवर बोलायला आला आणि माइक समोर येताच त्याची वाचाच बसली. मग आर्लिनने त्याचं लिहून आणलेलं भाषण त्याच्या जागी वाचलं. हजारोंच्या गर्दीपुढे न डगमगणारा गडी एका धातूच्या चकतीपुढे गप्प झाला. खेळणं ही एक विद्या, सांगणं ही दुसरी. तल्यारखानांना हिंदुस्थानात ही दुसरी विद्या शून्यातून उभी करायची होती.

जाता जाता 1923 सालावरही क्षणभर थांबा. मुंबईतच, याच स्पर्धेत, हिंदू संघाने पी. विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली अजिंक्यपद पटकावलं. विठ्ठल हे पळवणकर बंधूंपैकी. थोरले बाळू पळवणकर हे त्या काळचे थोर गोलंदाज, पण जातीमुळे पुण्यात त्यांना चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा. त्याच घरातला भाऊ कर्णधार झाला आणि लोकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं. तो गजर तुम्ही आज ऐकू शकत नाही. तेव्हा रेडिओवर क्रिकेट नव्हतं. सांगणारा माइकसमोर नव्हता, म्हणून तो दिवस फक्त कागदावर उरला. ज्या गावांत कागदही पोचत नव्हता, तिथे तो पोचलाच नाही.

परतीची वाट

मुंबईहून परतताना रेल्वेत तुम्हाला वाटतं, आता हा आवाज घरी बसून ऐकता येईल. येणार नाही. मुंबईच्या केंद्राची ताकद दीड किलोवॅट आहे. नीट ऐकू येण्याचं अंतर सुमारे तीस मैल. आवाज कल्याणच्या पलीकडे फार जात नाही, घाटाच्या वर तर नाहीच. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला दहा रुपयांचं लायसन लागतं आणि 1934 च्या अखेरीला साऱ्या हिंदुस्थानात अशी लायसनं सोळा हजारांच्या आसपास आहेत. एवढ्या मोठ्या देशात सोळा हजार पेट्या.

म्हणून देवगावला पोचल्यावर संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमतात तेव्हा तुम्हालाच सांगावं लागतं. तुम्ही उभे राहता, हातात चेंडू असल्यासारखे धावता, दुकानातल्या कारकुनाचे शब्द आणि पेटीतल्या आवाजाची चाल आठवून सांगता. कुणी विचारतं, ‘मग पुढं काय झालं?’ त्या प्रश्नातच तल्यारखानांचं सगळं काम आहे.

ब्रेबोर्न, डिसेंबर 1943

नऊ वर्षं सरली आहेत. मुंबईला फेब्रुवारी 1938 मध्ये दहा किलोवॅटचं लघुलहरी केंद्र सुरू झालं. लघुलहरी आकाशात वर जाऊन परावर्तित होतात आणि शेकडो मैलांवर उतरतात. आता घाट आड येत नाही. तालुक्याला कुणाकडे चांगला सेट असेल, तर मुंबईचं मैदान मराठवाड्यात ऐकू येऊ शकतं. निजामाच्या राज्याचा स्वतःचा रेडिओ आहे, हैदराबादला आणि औरंगाबादलाही. पण राज्याचा कारभार उर्दूतून, वरचं शिक्षण उर्दूतून. मराठी माणसाला आपल्या भाषेत क्रिकेट ऐकायला मिळणं अजून दूरच आहे.

स्पर्धा आता पंचरंगी झाली आहे. 1937 पासून पाचवा संघ आला, ‘द रेस्ट’ म्हणजे बाकीचे, त्यात भारतीय ख्रिस्ती आणि इतर. महात्मा गांधींनी 1940 मध्ये धर्मावर आधारलेल्या या स्पर्धेला विरोध केला आणि त्या वर्षी हिंदू संघ उतरलाच नाही. तीन वर्षांनी ब्रेबोर्न स्टेडियमवर अंतिम सामना आहे, हिंदू विरुद्ध बाकीचे. विजय मर्चंट नाबाद 250 काढतात, हिंदू संघ 5 बाद 581 वर डाव सोडतो. ‘बाकीचे’ पहिल्या डावात 133 वर संपतात.

मग सांगलीचा एक मराठी ख्रिस्ती तरुण मैदानात येतो. विजय हजारे. तुम्ही सेटला कान लावून बसला आहात. खरखर येते, मध्ये एखादं दुसरंच स्टेशन डोकावतं, पण आवाज तोच आहे. गडी बाद होत जातात, हजारे उभेच. त्यांचा भाऊ विवेक जोडीला येतो. दोघं 300 धावांची भागी करतात, आणि त्यात विवेकचा वाटा किती? 21. म्हणजे भावाचं काम फक्त उभं राहण्याचं. तो ते करतो. संघाच्या 387 धावांत विजय हजारेंच्या 309. दर पाच धावांमागे चार त्यांच्या. सामना हिंदू संघ डाव आणि 61 धावांनी जिंकतो, पण त्या दिवशी ज्यांनी ऐकलं त्यांना आठवतात ते हजारे.

आता विचार करा. धावफलकावर 309 हा एक आकडा. भावाने तासन्तास चेंडू अडवत राहणं फलकावर 21 एवढंच दिसतं. त्या 21 मधली माया, जिद्द आणि घाम आकड्यात येत नाही. ते सांगावं लागतं. दिवसभर एकट्याने बोलणारा माणूस ते सांगू शकतो, कारण सकाळपासूनचा प्रत्येक चेंडू त्याच्या एकट्याच्या डोळ्यांतून गेलेला असतो. तल्यारखान माइक कुणाला द्यायला तयार नसत, त्यामागचं हे कारण तुम्हाला आज पटतं.

पुढच्याच हंगामात मुसलमान संघ हिंदू संघाला एक गडी राखून हरवतो. के. सी. इब्राहिम नाबाद 137. दोन्ही बाजूंचे लोक एकाच आवाजाला कान लावून श्वास रोखून बसतात. देशाचं वातावरण बिघडत चाललेलं असताना एका मैदानाच्या काठावर एवढं होत होतं, ही गोष्ट आपण जपून ठेवायला हवी. 1946 मध्ये ही स्पर्धा कायमची बंद होते, आणि ते योग्यच होतं. धर्मावर संघ पाडणाऱ्या खेळाला नव्या देशात जागा नव्हती.

1948, दोन निरोप

13 सप्टेंबर 1948. भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरते. 17 तारखेला निजाम शरण येतो आणि त्याची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांची दहशत संपते. देवगावात त्या दिवशी लोक रडले असतील, हसले असतील, घराची कवाडं उघडी टाकून झोपले असतील. आता मुंबईला जायला दोन प्रकारचे पैसे बांधायचे दिवस संपत आले.

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात येतो. स्वतंत्र देशातली ही पहिली कसोटी मालिका. ऑल इंडिया रेडिओ ठरवतो, की आता एकट्याने नाही, तीन समालोचकांनी आळीपाळीने बोलायचं. तल्यारखान नकार देतात. माइक वाटून घेणार नाही म्हणतात आणि निघून जातात.

8 फेब्रुवारी 1949, ब्रेबोर्न. शेवटची कसोटी, शेवटचा दिवस. भारताला 361 हवेत. हजारे 122 काढून बाद झाले आहेत. कोल्हापूरचा दत्तू फडकर खेळतोय. धावा 355, गडी 8 बाद. सहा हव्यात. तुम्ही रेडिओपाशी मुठी आवळून बसला आहात. आणि पंच यष्टींवरच्या बेल्स उचलतात. वेळ अजून दीड मिनिट बाकी, षटकात एक चेंडू बाकी. खेळ संपला. फडकर नाबाद 37. भारत जिंकला नाही.

भारतीय क्रिकेटने तोवर पाहिलेला हा सर्वांत चटका लावणारा शेवट, आणि माइकसमोर तल्यारखान नाहीत. तुम्हाला त्याची खंत वाटते. तरीही मनाशी खरा निवाडा करायचा, तर रेडिओचा निर्णय बरोबर होता. अखंड डोळ्यांनी पाहण्याचा त्यांचा आग्रह थोर होता, पण मैदान एका माणसाच्या मालकीचं नसतं आणि त्याचा आवाजही नसावा. एकट्याने पेटवलेल्या दिव्यावर शेकडो दिवे लागायचे असतात. ते लागले. देवराज पुरी, बेरी सर्बाधिकारी, पिअर्सन सुरिटा, नंतर डिकी रत्नागर, अनंत सेटलवाड, सुरेश सरैया. या सगळ्यांना तल्यारखानांनी वाट करून दिली होती. ते स्वतः पुढची कित्येक दशकं वर्तमानपत्रांतून स्तंभ लिहीत राहिले. 1990 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचं निधन झालं.

देवगाव रंगारी, 24 ऑगस्ट 1971

मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. तुमच्या ओट्यावर आता ट्रान्झिस्टर आहे, चामड्याच्या कव्हरातला. सेल उतरले की आवाज बसतो, मग सेल काढून उन्हात ठेवायचे आणि पुन्हा घालायचे. आज गणेश चतुर्थी. सकाळीच मूर्ती बसली. दिवेलागण झाली आहे, आरतीची तयारी चालू आहे, आणि ट्रान्झिस्टरवर लंडनचं ओव्हल मैदान लागलंय.

काल चंद्रशेखर यांनी 38 धावांत 6 गडी टिपले आणि इंग्लंड 101 वर आटोपलं. आज भारताला 173 हवेत. अजित वाडेकर सकाळीच धावबाद झाले. तिकडून बीबीसीचा समालोचक इंग्रजीत सांगतोय, इकडे शाळेतले गुरुजी ओट्यावर बसून मराठीत सांगतायत. 1934 मध्ये मुंबईच्या दुकानासमोर कारकुनाने जे केलं, तेच. तिकडे मैदानावर प्रेक्षकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणली आहे, गणेश चतुर्थी म्हणून. गुरुजी हे सांगतात आणि ओट्यावरची म्हातारी माणसं हात जोडतात. सय्यद आबिद अली चौकार मारतात. भारत चार गडी राखून जिंकतो. इंग्लंडच्या भूमीवर भारताचा हा पहिला कसोटी विजय आणि पहिला मालिका विजय. त्या संध्याकाळी आरतीचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जातो.

दुष्काळ, आणि मराठी आवाज

पुढच्या वर्षी पाऊस येत नाही. 1972 चा दुष्काळ. तुम्ही दुष्काळी कामावर आहात, खडी फोडायला. बायका टोपल्या उचलतायत. सुकडी मिळते, परदेशातून आलेला लाल मिलो मिळतो. दुपारच्या सुट्टीत कुणीतरी ट्रान्झिस्टर लावतो. फेब्रुवारी 1973, ब्रेबोर्नवर इंग्लंडविरुद्ध कसोटी. गुंडाप्पा विश्वनाथ शतक पूर्ण करतात आणि उंचापुरा टोनी ग्रेग त्यांना लहान मुलासारखं कवेत घेतो. हातातली हातोडी खाली ठेवून तुम्ही ते ऐकता. पोटात भूक असताना दुसऱ्या गड्याचं कौतुक ऐकून ओठावर हसू येतं. त्याच मालिकेत तल्यारखानांचा जुना आवाजही थोडा काळ माइकपाशी परततो.

आणि आता तुमच्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट. पुण्याहून बाळ ज. पंडित यांचा आवाज येऊ लागला आहे. जन्म 1929, स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेले. ते मराठीत सांगतात. मध्ये कारकून लागत नाही, गुरुजी लागत नाहीत. तुम्ही पुण्याच्या मैदानावरचा रणजी सामना ऐकताय आणि शब्द कानात सरळ उतरतात. नाणेफेक. सलामीची जोडी. निर्धाव षटक. चौकार. झेल. त्रिफळा उडाला. पायचीत.

‘पायचीत’ या शब्दापाशी जरा थांबा. ‘चीत’ हा आखाड्यातला शब्द आहे. पैलवानाला पाठीवर पाडलं की तो चीत. देवगावातल्या ज्या माणसाने आयुष्यात क्रिकेटची बॅट हातात धरलेली नाही, त्याने जत्रेतला कुस्त्यांचा फड पाहिलेला आहे. त्याला पायचीत समजावून सांगावं लागत नाही. ‘झेल’ हा झेलण्यातून आलेला, विटीदांडूच्या खेळापासून ओळखीचा. ‘त्रिफळा उडाला’ म्हटलं की तीन यष्ट्या तीन दिशांना जातात, डोळ्यांसमोर. हे शब्द एकट्या पंडितांनी घडवले असं नाही. वर्तमानपत्रांतून ते लिहिले जात होते, वि. वि. करमरकर यांच्यासारखे पत्रकार मराठीत क्रीडापान फुलवत होते आणि माइकसमोरही बसत होते. पण छापलेला शब्द आणि ओठावरचा शब्द यांत अंतर असतं. चेंडू हवेत असताना, एका श्वासात, योग्य मराठी शब्द जिभेवर यावा, यासाठी तो रक्तात मुरलेला लागतो. पंडितांनी तो मुरवला आणि आपल्या कानांतही मुरवला. 2015 च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं, तोवर हे शब्द इतके आपले झाले होते की ते कुणी आणून दिले याची आठवणही कुणाला उरली नव्हती.

तल्यारखानांनी मैदान भिंतीबाहेर काढलं. पंडितांनी ते आपल्या भाषेच्या उंबऱ्यात आणून ठेवलं. पहिल्याशिवाय दुसरं झालं नसतं, आणि दुसऱ्याशिवाय पहिलं देवगावच्या ओट्यापर्यंत पोचलं नसतं.

आज

तुम्ही परत आलात. जिल्ह्याचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. ओट्यावर ट्रान्झिस्टर नाही, प्रत्येकाच्या हातात फोन आहे, आणि त्यात मैदान दिसतंही. एक चेंडू चार बाजूंनी, दहा वेळा. मग सांगणाऱ्याची गरज संपली का? सुगी उरकल्यावर गावाबाहेरच्या मोकळ्या रानात टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. तिथे कर्णा बांधलेला असतो आणि एक पोरगा माइक धरून उन्हात दिवसभर बोलत असतो. घसा बसला तरी थांबत नाही. कुणाच्या बापाने बैल विकून कुणाला बॅट घेऊन दिली, हेही तो सांगतो, आणि चेंडू सीमारेषेपलीकडे गेला की त्याचा आवाज रस्त्यावरच्या एसटीपर्यंत जातो. त्याला तल्यारखान ठाऊक नाहीत. पण तो त्यांच्याच घराण्यातला आहे.

त्याला पाणी द्या. त्याच्या चुका काढण्याआधी, दिवसभर न थांबता पाहणं आणि पाहिलेलं लगेच सांगणं किती कठीण आहे, ते आठवा. त्याला म्हणा, बाबा, मराठीत बोल, आपल्या रानातले, आखाड्यातले शब्द वापर.

आणि घरात ज्यांची नजर गेली आहे असे आजोबा असतील, तर पुढच्या सामन्याला फोन बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसा. गोलंदाज कुठून धावत येतोय, ऊन कुठे पडलंय, चेंडू कुठे गेला, ते त्यांना तुमच्या तोंडाने सांगा. नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसाने एवढंच केलं होतं.